कंट्रोलर आण्णांची डबल बेल

आमच्या आळीत एक घर असं होतं, की तिथलं माणूस घंटी वाजल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे. ही घंटी देवघरातली नव्हती. मोडीत निघालेल्या एका लाल गाडीतली होती. कंडक्टर छताखालची दोरी ओढतो आणि ड्रायव्हरच्या कानाशी जी टण्णकन वाजते, ती. कंट्रोलर आण्णांनी ती मोडीच्या लिलावात रीतसर बोली लावून आणली, घराच्या चौकटीवर ठोकली आणि तिची दोरी ओटीवरच्या खुंटीपर्यंत ओढून घेतली. नियम गाडीतलाच. एकदा ओढली की थांबा. दोनदा ओढली की सुटा.

सकाळी 'टण्ण टण्ण' झालं की आळीतल्या बायका भांडी घासता घासता म्हणत, "सुटली बाई कुशीची गाडी." त्याआधी आण्णांची घोषणा होई. घोषणा स्टँडवरच्याच आवाजात, फक्त भोंग्याशिवाय. "उंबऱ्यावरून सुटणारी, मारुतीचं देऊळ, चावडी मार्गे पिठाच्या गिरणीला जाणारी कुसुम साळुंखे फलाटावर लागलेली आहे!" मग डोक्यावर दळणाची पाटी घेतलेली, दोन वेण्या वर बांधून लाल रिबिनी लावलेली आण्णांची पोर गंभीर चेहऱ्यानं उंबरा ओलांडायची. तिला हसू येत नसे. सवय झाली होती.

आण्णांचा हुद्दा वाहतूक नियंत्रक. हा शब्द त्यांच्या केबिनवरच्या पाटीखेरीज गावात कुणालाच माहीत नव्हता. गाव त्यांना कंट्रोलर म्हणे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरचं आमचं गाव. स्टँड एवढासा, पण इथून एक गाडी कऱ्हाडवरून साताऱ्याला जाई, एक सांगलीला, एक फलटणला. आण्णा चौकशीच्या खिडकीत बसत आणि भोंग्यातून गावाला हलवत. गर्दी गाडीच्या दारात लोंबकळू लागली की त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "भिऊ नगा! मागनं गाडी हाय!" मागून गाडी कधीच नसे. हे लोकांना ठाऊक होतं, आण्णांना ठाऊक होतं, आणि तरीही ते वाक्य ऐकलं की चारदोन माणसं खाली उतरत. या देशात आश्वासनावर किती गाड्या चालल्या आहेत, याचा विचार मला पहिल्यांदा त्या स्टँडवर सुचला.

त्यांचं दुसरं वाक्य होतं, "इचारायला काय टिकीट लागतंय व्हय?" हे वाक्य ते खिडकीशी घुटमळणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. आणि घरी मुलीला.

मी त्या काळी पत्रकं काढत असे. सायक्लोस्टाइलची शाई नखांतून जात नसे, आणि समाज महिन्या-दोन महिन्यांत बदलेल याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. आण्णा मला 'संपादक' म्हणत. आमचं पटण्यासारखं काही नव्हतं. ते सरकारी नोकर, साखर कारखान्याचा चेअरमन दिसला की आपोआप उभे राहणारे. मी चेअरमन दिसला की मुद्दाम बसून राहणारा. पण एका बाबतीत या माणसाने मला चकित केलं होतं. आण्णा आपल्या मुलीला घाबरवत नसत.

ही साधी गोष्ट नाही. आमच्याकडचा बाप म्हणजे भीतीचा वाटपदार. पोर रडलं, तर "बागुलबुवा न्हील." पोर हसलं, तर "दात दिसत्यात." पोरानं प्रश्न विचारला, तर "लय शाना झालास." आणि मुलगी असेल तर सगळ्याला एकच उत्तर, "पोरीची जात." मुलगा मिसरूड फुटेपर्यंत असा चांगला भिववून काढायचा, आणि मग एका पहाटे हाच बाप त्याला साताऱ्याच्या गाडीत कोंबून सांगणार, "भरतीत घाबरायचं न्हाई. छाती फुगवायची." कुठून फुगवायची? इतकी वर्षं तिच्यातली हवा काढायचं काम यांनीच केलेलं.

आण्णांची रीत उलटी. कुसुम सहा वर्षांची झाली आणि त्यांनी जाहीर केलं, "आजपास्नं मोहीम." पहिली मोहीम गिरणी. दुसरी मोहीम वाण्याकडून हिंग आणायची, आणि हिंग शिळा असेल तर तसं वाण्याच्या तोंडावर सांगून परत द्यायचा. दुष्काळात गाव टँकरपुढे रांग लावून उभं होतं, तेव्हा या चिमुरडीला त्यांनी स्वतःची कळशी घेऊन रांगेत उभं केलं आणि सांगितलं, "कुनी मधी घुसलं तर इचारायचं, तुमचा लंबर कुठला." तिनं ते सरपंचाच्या बायकोला विचारलं. आळी आठवडाभर हेच बोलत होती.

शिवाय रविवारी खास मोहीम. एका अनोळखी माणसाला एक प्रश्न विचारून यायचा आणि उत्तर घरी येऊन सांगायचं. कुसुमनं न्हाव्याला विचारलं, "तुमची हजामत कोण करतं?" हवालदाराला विचारलं, "तुमी कवा चोर धरलाय का?" हवालदारानं बराच विचार केला आणि प्रामाणिकपणे 'नाही' म्हणून सांगितलं. पोरीनं घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं, आण्णांनी दोरी ओढली, टण्ण. मोहीम फत्ते.

आणि मग तो चेअरमनचा प्रसंग. साखर कारखान्याचे चेअरमन स्टँडच्या शेडची कोनशिला बसवायला आले होते. कोनशिला त्या जागेवर आधीही बसल्या होत्या. शेड तेवढी बांधायची राहिली होती. प्रवासी त्या शिलांवर बसून गाडीची वाट पाहत, एवढाच काय तो त्यांचा उपयोग. हार झाले, नारळ झाला, आणि चेअरमन खाली वाकलेले असतानाच समोरून आवाज आला.

"आवं साहेब, ह्या दगडाला शेड कवा फुटायची?"

कुणी हसलं नाही. हसायचं की नाही हे चेअरमनच्या चेहऱ्यावरून ठरवायचं असतं, आणि तो अजून ठरत होता. शेवटी ते म्हणाले, "चुणचुणीत हाय पोरगी. कुणाची रं?" साऱ्या माना केबिनकडे वळल्या. आण्णांनी भोंगा सुरू केला आणि फलटणला जाणारी गाडी फलाटावर लागल्याचं जाहीर केलं. फलटणची गाडी तेव्हा फलटणलाही पोचली असेल.

संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्या ओटीवर गेलो. वाटलं, आज तरी पोरीला मार बसला असणार. कुसुम भजी खात होती. आण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, "संपादक, माझं पाय लटालटा कापत हुतं. पर पोरगी कापली न्हाई. बघितलंत न्हवं तुमी?"

आतून त्यांच्या बायकोनं, पारूकाकींनी, आवाज दिला, "पाय कापत हुतं म्हणं! उद्या नोकरीवर धोंडा पडला की मग कापा."

पाय हा त्या घरातला नाजूक विषय होता. आण्णांचे दोन्ही थोरले भाऊ फौजेत. आमच्या भागात ज्याच्या घरी लष्करी पेटी नाही त्याला मुलगी द्यायच्या आधी लोक दोनदा विचार करत. आण्णा तेवढे मागे राहिले. कारण ते स्वतःच सांगत, "तळपाय सपाट निघालं. न्हाईतर आज सुभेदार असतो गड्या." हे ऐकलं की काकी चुलीला फुंकर घालता घालता पुटपुटत, "सपाट? ह्यांच्या तळपायाखालनं मांजर जाईल." मी त्याचा अर्थ लावायच्या भानगडीत पडलो नव्हतो. आण्णा साताऱ्याची गाडी रोज सोडतात पण स्वतः कधी साताऱ्याला जात नाहीत, हेही मला माहीत होतं. कचेरीचं काम निघालं तर रजा टाकत, दुसऱ्याला पाठवत. मी म्हणे, प्रत्येकाला एखादं गाव आवडत नाही.

माझा त्यांच्याविषयीचा आदर एका सकाळी गिरणीत दळला गेला. मी दळण घेऊन रांगेत होतो. कुसुम पाटी घेऊन आली, तसा गिरणीवाल्यानं गड्याला डोळ्यानं खूण केली. गडी मागच्या दारानं स्टँडकडे पळाला. मी विचारलं, "कुठं गेला?" गिरणीवाला म्हणाला, "आण्णाला सांगाया. पोचली म्हणून. रोजचंच हाय." मग एकेक उघड झालं. चावडीवरचा पहारेकरी, देवळापाशी फुलं विकणारी बाई, वाणी, उसाचा रसवाला, सगळे नेमलेले. पोर मोहिमेवर निघाली की निम्मं गाव ड्यूटीवर. हवालदारालासुद्धा आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, "उद्या माझी पोरगी काय तरी इचारंल, ओरडू नका."

मी तडक केबिनमध्ये गेलो. "आण्णा, ही फसवणूक आहे. पोरीला सांगायचं तू स्वतंत्र आहेस आणि पावलोपावली पहारा ठेवायचा! हे तर सरकारसारखं झालं."

"हळू बोला," आण्णा म्हणाले. त्यांना कुणी ऐकलं तर नाही ना, हे पाहिलं. "संपादक, तुमास्नी पोर न्हाई."

"पोर नसलं तरी तत्त्व आहे."

"त्ये असू द्या. तत्त्व येळंवर घरी येतंय. पोर येत न्हाई."

मी परत गिरणीत दळणाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले असतील. कुसुम अकरा वर्षांची झाली, आणि आण्णांनी सगळ्यांत मोठी मोहीम काढली. तिची मामी मिरजेला एका दवाखान्यात बाळंत झाली होती. तिला अहळिवाचे लाडू पोचवायचे, रिकामा डबा घेऊन संध्याकाळी परत यायचं. एकटीनं. सांगलीला गाडी बदलायची, मिरजेला उतरायचं, दवाखाना विचारत जायचं. मिरजेत दवाखाने इतके, की विचारल्याशिवाय कुणाचाच पेशंट कुणाला सापडत नाही.

काकींनी कपाळाला हात लावला. आळीतल्या बापांनी आण्णांना वेड्यात काढलं. आण्णा सगळ्यांना सांगत होते, "भिऊ नगा." आणि आदल्या दिवशी तेच माझ्याकडे आले. "संपादक, उद्या सांगलीला काय काम हाय का? मागच्या शिटावर बसायचं, तोंडाफुडं पेपर धरायचा. पोरीला कळू द्यायचं न्हाई."

मी नकार दिला. नुसता दिला नाही, भाषणासकट दिला. हेरगिरी, स्त्रीचं स्वातंत्र्य, विश्वास. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि गेले म्हादू कंडक्टरकडे. म्हादू हुकमाचा पक्का, पण नुकताच बदलून आलेला, कुसुमला न ओळखणारा. त्याला सांगितलं, "दोन येण्या, लाल रिबिनी, हातात डबा. सांगलीत माझा माणूस फलाटावर येस्तवर हिला खाली उतरू द्यायची न्हाई. मिरजेच्या गाडीत त्यो बसवंल." मिरजेच्या स्टँडवर एक टांगेवाला आधीच सांगून ठेवलेला होता. मोहिमेत धाडसाला जागा उरली नव्हती.

सकाळी घोषणा झाली, डबल बेल झाली, कुसुम गेली.

दुपार व्हायच्या आत केबिनमधला फोन वाजला. मी तिथंच होतो. स्टँडवर पत्रकं वाटायला आलो होतो असं मी म्हणत होतो. फोनवर सांगलीच्या स्टँडवरून म्हादू होता आणि तो इतका ओरडत होता की मला बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.

"आण्णा, धरून ठिवल्यात!"

"ठिवल्यात? तुला पोरी किती दिल्या हुत्या म्या?"

"आवं, मधल्या थांब्यावर लेझमीचं पथक चढलं की! शाळेचं! समद्यांच्या दोन-दोन येण्या, समद्यांच्या लाल रिबिनी, समद्यांच्या हातात जेवणाचा डबा. तुमी म्हनला उतरू देऊ नगंस. न्हाई उतरू दिल्या. दाराम्होरं डायवर उभा हाय. त्यांची बाई माझ्या अंगावर छत्री घिऊन आलीया. तुमची कंची तेवढी सांगा, बाकीच्या सोडतो."

"नाव इचार, गाढवा!"

"इचारलं! कुसुमा दोन निघाल्यात. पर साळुंखे एक बी न्हाई."

आण्णांच्या हातातला फोन हळूहळू खाली आला. थोड्या वेळानं मिरजेहून निरोप आला, टांगेवाल्याला कुणी पोर दिसली नाही. पुन्हा फोन. पुन्हा नाही.

मी म्हटलं, "आण्णा, सांगलीची गाडी लागली आहे. बसा आणि जा." ते उठले, गाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि मागे आले. "म्या गेलो आन् फोन आला तर? म्या गेलो आन् पोरगी हितं आली तर?" असं गाडी आणि केबिन यांच्यामध्ये त्यांचं येणं-जाणं सुरू झालं. गाडी शेवटी त्यांच्याविना सुटली. मग ते भोंग्यापाशी बसले. "कऱ्हाडला जाणारी कुसुम..." असं म्हणाले आणि थांबले. फलाटावरचे लोक हसले. "फलटणला जाणारी..." पुढं काहीच आलं नाही. मग भोंग्यातून, गावाला कधी ऐकू न आलेल्या आवाजात आलं, "कुशे, असशील तितं थांब गं. म्या येतो."

तो भोंगा रसवंतीच्या पुढं ऐकू जात नसे. सांगली कुठल्या कुठं. पण आता कुणी हसलं नाही. रसवाल्यानं चरक थांबवला. काकी पदर कमरेला खोचून आल्या, आण्णांकडे एक नजर टाकली आणि बाहेरच्या कोनशिलेवर केबिनकडे पाठ करून बसल्या. इतकी वर्षं मी त्या दगडांवर टीका लिहिली होती.

ऊन कलायला लागलं. केबिनमध्ये मी आणि आण्णा. एकाएकी ते म्हणाले, "संपादक, माझं पाय सपाट न्हाईत."

"ते काकींकडून कळलंय."

"म्या भरतीला गेलोच न्हाई."

मी भोंगा बंद आहे ना ते पाहिलं.

"बा नं गाडीत बसवलं. साताऱ्याला उतरलो. जो त्यो पळतोय. भरतीचं मैदान कुठं, म्हाईत न्हाई. म्हनलं इचारावं. कुनाला इचारू? ह्यो हसंल. त्यो हाकलंल. चौकशीची खिडकी हुती, पर आतला माणूस सगळ्यांवर खेकसत हुता. तितंच खांबाला टेकून उभा ऱ्हायलो गड्या. सबंध दिस. सांजच्याला पोरं माघारी आली, छातीवर खडूचं आकडं घिऊन. त्यांच्याच गाडीत बसून घरला आलो. बा नं इचारलं, तवा त्ये पायाचं तोंडाला आलं." त्यांनी खिडकीच्या लाकडी कठड्यावरून हात फिरवला. "म्हणून ह्या खिडकीत बसलो. हितं कुनी इचारलं तर म्या खेकसत न्हाई. बघितलंय का कवा?"

नव्हतं बघितलं. म्हाताऱ्या एकच गाडी दहादा विचारत आणि आण्णा दहादा सांगत. मी त्याला सरकारी कंटाळा समजत होतो.

"पोरीला एवढंच यावं म्हनलं. इचारता यावं. बाकी काय न्हाई." त्यांनी फोन उचलून कानाला लावला आणि परत ठेवला. "आन् म्या तिला कुठं धाडून बसलो बघा."

तेवढ्यात कठड्यावर टक् असा आवाज झाला. बाहेरून कुणीतरी एक रिकामा डबा टेकवला होता. खिडकीत माणूस दिसत नव्हतं, फक्त भांग दिसत होता आणि सुटलेले केस.

"आवं साहेब, साळुंख्यांच्या घरला जायाला कुठली गाडी?"

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात त्या खिडकीतून कुणाला उत्तर दिल्याशिवाय सोडलं नव्हतं, त्याला एक शब्द सुचेना.

"सांगा की," बाहेरून आवाज आला. "इचारायला काय टिकीट लागतंय व्हय?"

आण्णा बाहेर धावले. आधी मारायला हात उगारला, तो तसाच तिच्या डोक्यावर ठेवला आणि खालीच बसले. काकी उठल्या, पोरीचे केस चाचपले. "रिबिनी कुठं हायत गं?"

कुसुमनं डब्याचं झाकण काढलं. आत दोन्ही रिबिनी नीट गुंडाळून ठेवलेल्या.

"कंडक्टरकाका सारखं माझ्याकडंच बघत हुतं," ती म्हणाली. "गिरणीवाला बी तसंच बघतो. फुलवाली बी. म्हनलं, ह्यांस्नी बी सांगितलंय. मग लेझमीच्या पोरी चढल्या, तवा म्या रिबिनी सोडून डब्याखाली दाबल्या आन् सांगलीत एका म्हातारीसंगं उतरले."

"आगं पर का?" आण्णा.

"मोहीम माझी हुती न्हवं? मग राखणदार कशाला?"

माझी सगळी पत्रकं या एका वाक्यात बसत होती. ही गोष्ट मला फारशी आवडली नाही.

उशीर का झाला, तर मामीनं जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि वाटेत तंबोरे करणाऱ्याचं दुकान लागलं. तिथं टांगलेले भोपळे पाहून तिनं विचारलं, "ह्ये खायाचं का वाजवायचं?" कारागिरानं हसत तिला आत बोलावलं आणि एका तंबोऱ्याची तार छेडायला दिली. ते सांगताना ती बोटाकडे पाहत होती. आण्णाही पाहत होते.

त्यानंतर गिरणीतला गडी स्टँडकडे पळायचा थांबला. फुलवाली नुसती फुलं विकू लागली. मी माझ्या तत्त्वाचा विजय झाला म्हणून समाधानात होतो, तोच एका शनिवारी कुसुम माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"दादा, उद्या काय काम हाय का?"

"का गं?"

"आण्णांची मोहीम काढलीया. साताऱ्याला. एकट्यानं. तुमी मागच्या शिटावर बसायचं, तोंडाफुडं पेपर धरायचा. त्यास्नी कळू द्यायचं न्हाई."

आण्णा खिडकीच्या आत बोलत होते, तेव्हा ती बाहेर किती वेळ उभी होती हे मी तिला विचारलं नाही. मी म्हटलं, "राखणदार कशाला, असं तूच म्हणाली होतीस ना?"

"त्यांची पैलीच खेप हाय," कुसुम म्हणाली. "माझ्या पैल्या खेपंला गिरणीवाला हुता की."

आणि मी गेलो. भाषण न करता गेलो.

सकाळी ओटीवर तिनंच घोषणा केली. "उंबऱ्यावरून सुटणारी, कऱ्हाडमार्गे साताऱ्याला जाणारी आण्णा साळुंखे!" आण्णांनी धुतलेलं धोतर आणि टोपी घातली होती. चेहरा शाळेत पहिल्यांदा निघालेल्या पोरासारखा. "आगं, पुढच्या रईवारी गेलो तर?" त्यांनी विचारून पाहिलं. टण्ण टण्ण.

साताऱ्याच्या स्टँडवर ते उतरले आणि सरळ एका खांबापाशी जाऊन टेकले. तो तोच खांब होता की नाही, मला माहीत नाही. मी केळ्यांच्या गाडीआड उभा राहिलो. त्यांच्यापुढून पोलीस गेला, पेन्शनर गेले, पुस्तकं घेतलेली पोरं गेली. प्रत्येकाच्या वेळी आण्णांचं तोंड उघडे आणि मिटे. मला पुढं होऊन सांगावंसं वाटत होतं. हाक मारावीशी वाटत होती. आण्णा गिरणीवाल्याकडून रोज निरोप का मागवत, ते त्या केळ्यांच्या गाडीआड मला नीट कळलं.

शेवटी ते भिंतीच्या कडेला शेंगा विकणाऱ्या एका म्हातारीपुढं जाऊन वाकले. "मावशे, भरतीचं मैदान कुठं हाय गं?"

ती हसली नाही. तिनं हाकललं नाही. शेंगांवरून नजरही न उचलता अंगठ्यानं मागं दाखवलं. "ह्ये काय, भितीच्या पल्याड. भरतीला निघालायस व्हय बाबा?"

भिंतीच्या पलीकडं. एवढंच.

आण्णा भिंतीला वळसा घालून आत गेले, मागोमाग मी, तोंडापुढं पेपर धरून. मैदान रिकामं होतं, कोपऱ्यात दोनचार पोरं विटीदांडू खेळत होती. मधोमध जाऊन ते उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली, टाचा जुळवल्या, आणि छाती फुगवून श्वास आत घेतला. छातीला फीत लावणारं समोर कुणी नव्हतं. पण त्यांनी तो श्वास बराच वेळ सोडला नाही. मी पेपर खाली घेतला होता हे माझ्या ध्यानात आलं नाही.

परतताना ते माझ्या बाजूनंच आले, माझ्याकडं न पाहता म्हणाले, "चला संपादक. मागनं गाडी न्हाई."

गावात पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. कुसुम ओटीवर दोरी हातात धरून बसली होती. सकाळपासून ती उठलीच नाही, असं काकींनी नंतर सांगितलं.

"इचारलंत?"

आण्णा उंबऱ्याबाहेर थांबले. "इचारलं."

"मग? काय म्हनलं?"

"काय न्हाई गं," आण्णा म्हणाले. "जवळच हुतं."

कुसुमनं दोरी ओढली. एकदाच.